ऑपरेशन ग्रॅमवर ठरत नाही

पत्राचा सारांश

ऐरोलीत राहणारे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले ६७ वर्षांचे एक वाचक लिहितात की, गेली दोन वर्षे त्यांना रात्री चार-पाच वेळा लघवीसाठी उठावे लागते. धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो आणि झाल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटते. डिसेंबरमध्ये सर्दीचे औषध घेतले त्या रात्री लघवी जवळजवळ अडलीच होती. दीड महिन्यापूर्वी जळजळ होऊन ताप आला. तेव्हाच्या तपासण्यांत सोनोग्राफीने प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची ग्रंथी ५४ ग्रॅम, ‘ग्रेड २’ आणि लघवीनंतर मूत्राशयात ६५ मिलिलिटर शिल्लक असे दाखवले, तर रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन) ५.८ आला. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि साखर ठीक आहे. फॅमिली डॉक्टरांनी लघवी मोकळी होण्यासाठी दिलेली टॅम्सुलोसिनची गोळी चक्कर येऊ लागल्याने त्यांनी दहा दिवसांत स्वतःच बंद केली. एका सर्जनने ‘आताच ऑपरेशन करून घ्या, पुढे वय वाढेल’ असे सांगितले, तर दुसऱ्याने वर्षभर गोळ्या घेऊन पाहा म्हटले. मेहुण्यांच्या मते पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, आणि एका मित्राच्या मते ऑपरेशननंतर ‘पुरुषत्व जाते’. रक्तदाबाची गोळी ते रात्री जेवणानंतर घेतात, संध्याकाळी पायांना सूज येते, आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. पाणी त्यांनी दिवसाला जेमतेम लिटरभर केले आहे, पुण्याला मुलाकडे जाणे बंद केले आहे आणि वाशीच्या भावे नाट्यगृहातही कडेची खुर्ची मिळाली तरच ते जातात. पीएसएचा आकडा त्यांनी पत्नीला सांगितलेला नाही. ५४ ग्रॅम म्हणजे किती गंभीर, आणि ऑपरेशन करावे की नाही, हे त्यांना विचारायचे आहे.

उत्तर

तुमच्या पत्राची सुरुवात ५४ ग्रॅमने होते, मधल्या प्रत्येक परिच्छेदात तोच आकडा पुन्हा येतो आणि पुण्याला जाणे बंद झाल्याचा उल्लेख मात्र शेवटी, एका ओळीत उरकलेला आहे. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. प्रोस्टेटच्या वाढीत उपचार ठरवताना पहिला प्रश्न ग्रंथीचे वजन किती हा नसतो. तुम्हाला त्रास किती होतो, आणि वाढीने लघवीला होणाऱ्या अडथळ्याने मूत्राशयाला किंवा मूत्रपिंडांना इजा होते आहे का, हे दोन प्रश्न आधीचे आहेत. त्यांची उत्तरे मिळाली की ऑपरेशनचा प्रश्न पुष्कळदा आपोआप लहान होतो.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी ती सुमारे २० ग्रॅमची, साधारण आवळ्याएवढी असते. चाळिशीनंतर पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने तिचा आतला, मूत्रमार्गालगतचा भाग हळूहळू वाढू लागतो. पन्नाशीत सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, आणि ऐंशीच्या पुढे तर बहुतेकांच्या. ही वाढ कॅन्सर नव्हे आणि तिचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही. आता वजनाचे पाहा. एखाद्याची ग्रंथी बाहेरच्या बाजूने ८० ग्रॅमपर्यंत फुगूनही मूत्रमार्ग मोकळा राहतो, तर दुसऱ्याच्या ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडातच डोकावतो आणि लघवी अडते. शिवाय अडथळा केवळ आकाराचा नसतो. ग्रंथीतल्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंचा ताण हाही त्याचा मोठा भाग असतो, आणि तो सोनोग्राफीत मोजला जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे जोर लावून मूत्राशयाचा स्नायू स्वतःच जाड आणि चिडका होतो. त्यामुळे घाईची लघवी लागते आणि तिचा दोष सरसकट प्रोस्टेटवर टाकला जातो.

मग ५४ या आकड्याला काही अर्थच नाही का? आहे, पण तो पुढच्या टप्प्यावर. कोणती गोळी उपयोगी पडेल आणि शस्त्रक्रिया करायचीच झाली तर कोणत्या पद्धतीने, हे ठरवताना वजन लागते. अहवालातला ‘ग्रेड २’ तर निव्वळ आकाराची पायरी आहे. या पायऱ्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात थोड्या वेगळ्या असतात, आणि कॅन्सरच्या अहवालात जी ग्रेड लिहितात तिच्याशी यांचा काडीचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण या एका शब्दाने अनेक घरांची झोप उडवलेली पत्रे मी वाचली आहेत.

शिल्लक राहिलेल्या ६५ मिलिलिटरविषयीही थोडे सावध राहा. सोनोग्राफीच्या आधी लिटरभर पाणी पाजून रुग्णाला तास-दीड तास बाकावर बसवून ठेवतात. मूत्राशय असे तुडुंब ताणले गेले आणि मग अनोळखी शौचालयात, दाराबाहेर रांग असताना मोकळे व्हायला सांगितले, तर धडधाकट माणसाचीही थोडी लघवी मागे राहते. तुमचा आकडा मुळात फार नाही. तो यूरोलॉजिस्टकडे (मूत्ररोगतज्ज्ञाकडे), नेहमीसारखी लघवी लागलेली असताना पुन्हा मोजून घ्या. त्याच भेटीत युरोफ्लोमेट्री होते. यंत्र जोडलेल्या भांड्यात लघवी करायची आणि धारेचा वेग कागदावर उमटतो, सुई नाही की वेदना नाही. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या पुढे असेल तर अडथळ्याची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर बरीच जास्त. मात्र किमान १५० मिलिलिटर लघवी झाली नसेल तर तो आलेख ग्राह्य धरत नाहीत, म्हणून अर्धवट लागलेली असताना खुर्चीवरून उठू नका.

त्रासाचे मोजमाप मात्र तुमच्याच हाती आहे. जगभरचे यूरोलॉजिस्ट सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. लघवी पूर्ण झाल्यासारखी न वाटणे, दोन तासांच्या आत पुन्हा लागणे, धार थांबून थांबून येणे, रोखता न येणे, धार बारीक असणे, सुरू करायला जोर लावावा लागणे आणि रात्री किती वेळा उठावे लागणे, या प्रत्येकाला गेल्या महिन्याच्या अनुभवावरून शून्य ते पाच गुण द्यायचे. एकूण सातपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. हिचे मराठी रूप पुष्कळ दवाखान्यांत मिळते. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रश्न या सातांच्या बाहेरचा, आठवा आहे: ‘लघवीची स्थिती आहे अशीच उरलेले सगळे आयुष्य राहिली, तर तुम्हाला कसे वाटेल?’ रात्री तीनदा उठून पुन्हा शांत झोपणारा एखादा गृहस्थ ‘चालेल’ असे उत्तर देतो, आणि त्याला काही करण्याची गरज नसते. तुम्ही पुण्याला मुलाकडे जाणे सोडले आहे, तेव्हा तुमचे उत्तर ‘चालेल’ हे नसावे. उपचारांना खरे कारण हे आहे. दोन्ही डॉक्टरांपुढे तुम्ही फाइल ठेवलीत, पण पुण्याची गोष्ट त्यांना सांगितलीत का?

आता रात्रीकडे वळू. तुमचा मुख्य त्रास तोच आहे, आणि त्याचे कारण सगळेच्या सगळे प्रोस्टेट असेल, हे तुमच्या पत्रातले सर्वांत मोठे गृहीतक मला तपासण्यासारखे वाटते. रात्री वारंवार उठणे दोन अगदी वेगळ्या कारणांनी घडते. मूत्राशयात थोडेच मावते म्हणून, किंवा मूत्रपिंडे रात्रीच जास्त लघवी तयार करतात म्हणून. दुसरे कारण असेल तर प्रोस्टेट कितीही उत्तम कोरून काढली तरी माणूस उठतच राहतो आणि मग ‘ऑपरेशन फुकट गेले’ असे म्हणतो. हे ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. मापाच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग आणि एक वही घ्या, आणि घरीच असाल असे तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहा. सोबत काय प्यायलात आणि किती, तेही लिहा. झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, यांची बेरीज दिवसभराच्या एकूण लघवीच्या एकतृतीयांशाहून अधिक भरली, तर दोष रात्री जास्त लघवी तयार होण्यात आहे असे समजावे. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की दहा मिनिटांच्या भेटीचे सोने होते.

तुमच्या बाबतीत ही शंका येण्याचे कारण पत्रातच आहे. संध्याकाळी पायांवर सूज येते म्हणजे दिवसभर पाणी पायांत साठते. आडवे झालात की ते रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्रीच बाहेर टाकतात. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधाने अशी सूज येऊ शकते, आणि रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते, जे रात्री घेतले तर रात्रीच काम करते. तुमच्या गोळीच्या वेष्टनावर काय लिहिले आहे ते तुम्ही कळवलेले नाही, तेव्हा पट्टी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि ती सकाळी घेता येईल का किंवा बदलता येईल का, हे विचारा. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका. दुपारी पाय उंचावर ठेवून तासभर पडणे, रात्रीच्या जेवणात लोणचे-पापड कमी करणे, हे मात्र आजपासून करता येईल. घोरण्याची तक्रार असेल, झोपेत श्वास अडतो असे पत्नीच्या लक्षात आले असेल, तर तेही सांगा. त्या आजारातही रात्रीची लघवी वाढते, आणि हृदयाची ताकद कमी झाल्यावरही वाढते.

आणि पाणी तोडू नका. नवी मुंबईच्या दमट उकाड्यात लिटरभर पाण्यावर राहिल्याने लघवी गडद होते आणि मूत्राशयाला अधिकच चिडवते. जंतुसंसर्ग आणि खडे यांनाही ते आमंत्रण ठरते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या कारणाने डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसभरात दीड-दोन लिटर प्या, फक्त त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत संपवा आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी थांबा. पाचनंतरचा चहा सोडून पाहा. निवृत्त माणसाला हा सल्ला जिवावर येतो हे मला माहीत आहे.

पीएसएविषयी मेहुणे जे म्हणाले ते चुकीचे आहे, पण दुर्लक्ष करावे इतके निरर्थकही नाही. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींतून तयार होणारे प्रथिन आहे, निरोगी पेशीही ते तयार करतात. ग्रंथी मोठी असेल तर ते वाढते, लघवीच्या संसर्गात वाढते, लघवीसाठी नळी घातल्यावर वाढते आणि वीर्यपतनानंतर एक-दोन दिवस किंचित वाढलेले असू शकते. ४ ही रूढ मर्यादा आहे, तिच्या वर गेलेला आकडा निदान करत नाही, अधिक तपासणीची गरज दाखवतो. तुमचे रक्त घेतले ते जळजळ आणि ताप असलेल्या आठवड्यात. अशा वेळचा ५.८ हा आकडा विश्वासाचा नाही. संसर्ग पूर्ण बरा झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, लघवीची तपासणी स्वच्छ आहे हे पाहून, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत पुन्हा पीएसए करा. दोन दिवस आधीपासून संयम पाळा. आणखी एक साधा हिशेब डॉक्टर करतात. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागतात. ५.८ भागिले ५४ म्हणजे सुमारे ०.११ येते, आणि ०.१५ च्या खालचे उत्तर तुलनेने दिलासा देणारे मानतात. इथे मात्र तुमच्या ५४ ने तुमच्याच बाजूने साक्ष दिली आहे.

तरीही एक तपासणी टाळू नका, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही म्हणून ती झालीच नसावी असा माझा अंदाज आहे. यूरोलॉजिस्ट हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपतात. लाजेखातर पुरुष ही तपासणी नाकारतात आणि घाईत असलेले डॉक्टरही ती सोडून देतात. साधी वाढ मऊ आणि गुळगुळीत लागते, तर कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या मागच्या, बाहेरच्या भागात सुरू होत असल्याने तिथे कडक गाठ हाताला लागू शकते. एवढ्याने कळते ते सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही. पुन्हा केलेला पीएसएही चढाच राहिला किंवा बोटाला काही संशयास्पद लागले, तर पुढची पायरी एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी. तिथपर्यंत जावे लागेलच असे नाही.

औषधांकडे येण्यापूर्वी तुमच्या डोळ्यांचे सांगतो, कारण त्यात वेळ दवडून चालणार नाही. टॅम्सुलोसिन आणि त्याच्या गटातली औषधे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात, आणि त्याचबरोबर डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदाही सैल करू शकतात. मोतीबिंदू काढताना तो पडदा फडफडला तर शस्त्रक्रिया अवघड होते. नेत्रतज्ज्ञाला आधी ठाऊक असेल तर तो तयारीने उतरतो, अडचण येते ती ठाऊक नसताना. म्हणून ‘दहाच दिवस घेतली होती आणि आता बंद आहे’ असे वाटले तरी गोळीचे नाव त्यांना आवर्जून सांगा, कारण बंद केल्याने हा परिणाम पूर्ण जातोच असे नाही. आणि शस्त्रक्रिया महिन्यावर आलेली असताना या गटातली गोळी नव्याने सुरू करण्यापेक्षा, आधी मोतीबिंदू उरकून मग ती घेणे शहाणपणाचे, असे बहुधा नेत्रतज्ज्ञ आणि यूरोलॉजिस्ट दोघेही म्हणतील.

त्यानंतर गोळ्यांना खरी संधी द्या. तुम्ही ती अजून दिलेलीच नाही. टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, अल्फुझोसिन १० मिलिग्रॅम, सिलोडोसिन ८ मिलिग्रॅम ही या पहिल्या गटातली नेहमीची नावे. यांनी ग्रंथी लहान होत नाही, पण दोन-चार आठवड्यांत धार सुधारते. चक्कर येते ती उभे राहताना रक्तदाब एकदम उतरल्याने, आणि रक्तदाबाची गोळी त्याच वेळी घेत असाल तर दोन्ही परिणाम एकत्र येतात. तुम्ही दोन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर घेत होतात. वेळा वेगळ्या करून किंवा गटातले दुसरे औषध देऊन ही अडचण बऱ्याचदा सुटते. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा, आणि लघवीही बसूनच करा.

दुसरा गट फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड यांचा. हे संप्रेरकांवर काम करून ग्रंथी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाने आक्रसवतात, पण त्याला सहा महिने लागतात. महिनाभरात ‘गुण नाही’ म्हणून सोडणाऱ्यांनी पैसे वाया घालवलेले असतात. ग्रंथी ३०-४० ग्रॅमच्या वर असेल तेव्हाच यांचा खरा उपयोग, म्हणजे तुमच्या ५४ ग्रॅमला हा पर्याय लागू पडतो. काही पुरुषांत कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, स्तन दुखरे होतात. तसे झाले तर गप्प बसू नका. या औषधाने पीएसए सुमारे निम्म्यावर येतो, तेव्हा सहा महिन्यांनंतरचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो, आणि म्हणूनच पीएसएचा निकाल लावल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये. घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेली कॅप्सूल किंवा गोळीचा चुरा हाताळू नये.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन हजारांहून अधिक पुरुषांना सरासरी साडेचार वर्षे पाहिले होते. दोन्ही गटांतली औषधे एकत्र घेणाऱ्यांत आजार पुढे सरकण्याचा धोका दोनतृतीयांशाने घटला. मला त्यातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची वाटते. ज्यांना निव्वळ लुटुपुटूची, औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यातही आजार ठळकपणे वाढला तो सुमारे १७ टक्क्यांचाच. म्हणजे काही महिने नीट तपासून, मोजून निर्णय घेतल्याने तुमच्यासारख्या बहुतेकांचे काही बिघडत नाही. ताठरतेचीही तक्रार असेल तर रोज ५ मिलिग्रॅम टाडालाफिल हाही पर्याय आहे, पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्यांनी ते चुकूनही घेऊ नये. परदेशात लोकप्रिय असलेला सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क २००६ आणि २०११ च्या चाचण्यांत लुटुपुटूच्या गोळीहून सरस ठरला नाही. आयुर्वेदिक औषध घेत असाल तर ते यूरोलॉजिस्टला सांगून घ्या. लपवून ठेवलेल्या चूर्णाने डॉक्टरांचा हिशेब चुकतो.

आता ऑपरेशन. दोन डॉक्टरांनी परस्परविरोधी सांगितले असे तुम्हाला वाटते, मला तसे वाटत नाही. तुमच्या स्थितीत दोन्ही मते वैद्यकीय मर्यादेत बसतात आणि निवड तुमची आहे. ‘वय वाढेल’ हे मात्र एकट्याने पुरेसे कारण नाही. शस्त्रक्रिया टाळू नये अशी कारणे ठरलेली आहेत: लघवी पूर्ण तुंबणे आणि नळी काढल्यावरही न सुटणे, अडथळ्यामुळे मूत्रपिंडांवर ताण येऊन क्रिएटिनिन वाढणे, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, मूत्राशयातले खडे, प्रोस्टेटमधून वारंवार रक्त जाणे. यांतले तुमच्याकडे आज काही दिसत नाही. एकदाच झालेला संसर्ग ‘पुन्हा पुन्हा’मध्ये मोडत नाही. उरते ते शेवटचे कारण, म्हणजे औषधे नीट घेऊनही त्रास सोसवत नाही किंवा औषधे सोसत नाहीत. तिथे पोहोचलात तर शस्त्रक्रियेला बिचकू नका.

तुमच्या मनातले चित्र बहुधा आजोबांच्या काळातले आहे. पीटर फ्रायर हा आयरिश सर्जन बरीच वर्षे हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता. लंडनला परतल्यावर १९०१ साली त्याने पोटावरून मूत्राशय उघडून बोटाने प्रोस्टेट सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढची कित्येक दशके रुग्णांनी तसेच ऑपरेशन पाहिले. आज ५४ ग्रॅमच्या ग्रंथीसाठी पोटावर छेद घेत नाहीत. टीयूआरपी या पद्धतीत कमरेखालचा भाग बधिर करून, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग कापून काढतात. नळी साधारण एक ते तीन दिवस राहते. पुढे चार-सहा आठवडे जड उचलणे, बद्धकोष्ठात जोर लावणे आणि दुचाकीवर लांब जाणे टाळायचे, आणि या काळात अधूनमधून लघवीला लालसर झाक दिसली तर घाबरायचे नाही. होल्मियम लेझरने फार मोठी ग्रंथीही काढता येते आणि रक्तस्राव कमी होतो, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना ते सोयीचे पडते. वाफेने किंवा छोट्या रोपणांनी मार्ग मोकळा करण्याच्या नव्या पद्धतीही आहेत, पण त्या मोजक्या ठिकाणी आणि महाग आहेत.

मित्राने सांगितलेली भीती अर्धवट माहितीतून आली आहे. टीयूआरपीनंतर बहुतेकांची ताठरता होती तशीच राहते. बदलते ते वेगळेच. दोनतृतीयांशांहून अधिक पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. सुखाची संवेदना टिकते, प्रकृतीला अपाय नाही, पण मूल हवे असणाऱ्याने याचा आधी विचार करायला हवा. सिलोडोसिनच्या गोळीनेही असेच होते, गोळी बंद केल्यावर ते पूर्ववत होते. या गोष्टी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतिपत्रावर सही करताना कळू नयेत. त्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, आणि पत्नीला बरोबर घेऊन विचारा. तुम्ही रात्री पाचदा उठता हे त्यांना गेली दोन वर्षे माहीत आहे. लपवला आहे तो फक्त पीएसएचा आकडा, आणि तो लपवल्याने तुम्ही एकट्याने घाबरता आहात एवढेच साधले आहे. शिवाय टीयूआरपीत ग्रंथीची बाहेरची साल शिल्लक राहते, तेव्हा पीएसएची तपासणी ऑपरेशननंतरही सुटत नाही, हेही दोघांनी ऐकून ठेवा. एक अपेक्षा मात्र आधीच माफक ठेवा. धार लगेच सुधारते, घाईची लघवी ओसरायला काही महिने लागतात आणि रात्रीचे उठणे सर्वांत कमी सुधारते. तीन दिवसांच्या वहीचा आग्रह मी धरला तो त्यासाठीच.

खर्चाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण इतर वाचक विचारतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा उपचार आणि ते रुग्णालय त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर, दाखल होण्यापूर्वी विचारावे. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत यूरोलॉजीचे विभाग आहेत. तिथे वेळ जातो, पण सर्व कागद, गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती वही एका पिशवीत घेऊन गेलात तर दुसरी फेरी वाचते. माझे हे पत्र म्हणजे तपासणी नव्हे, त्यामुळे यातली कोणतीही गोळी माझ्या शब्दावर सुरू किंवा बंद करू नका.

पुण्याला जाण्यासाठी मात्र या सगळ्याचा निकाल लागण्याची वाट पाहायला नको. निघण्यापूर्वी लघवी करून दोन मिनिटांनी पुन्हा एकदा प्रयत्न करा, त्या दिवशी सकाळचा चहा पोहोचल्यावर घ्या, आणि द्रुतगती मार्गावर नक्की थांबणारी बस निवडा किंवा रेल्वेने जा, जिच्या डब्यात शौचालय असते.

डिसेंबरच्या त्या रात्रीविषयी अखेरचे. सर्दीच्या औषधांत नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलएफ्रिन आणि झोप आणणारे क्लोरफेनिरामिन असते. पहिली दोन मूत्राशयाचे तोंड आवळतात, तिसरे मूत्राशयाचा जोर कमी करते. यापुढे औषध-दुकानदाराला प्रोस्टेटचा त्रास असल्याचे सांगितल्याशिवाय सर्दीची गोळी किंवा सिरप घेऊ नका, आणि बद्धकोष्ठ साचू देऊ नका, कारण त्यानेही लघवी अडते. कधी पूर्ण तुंबली, ओटीपोट दुखून फुगले, किंवा थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गुठळ्या दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळे करतात, गोळी सुरू करतात आणि काही दिवसांनी नळी काढून पाहतात. अनेकांना त्यानंतर स्वतःहून लघवी होते, तेव्हा नळी लागली म्हणजे त्याच आठवड्यात ऑपरेशन असे धरून चालू नका, आणि आदल्या दोन दिवसांत कोणते औषध घेतले होते ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.